कीर्ती आणि लोकप्रियता : इटालियन शिल्पकार यागो आणि त्याचे पूर्वसूरी

इ. स. १९८७ मध्ये रोमच्या आग्नेयेस असलेल्या फ्रोझिनोने या गावी जन्मलेला याकोपो कार्दिल्लो हा शिल्पकार 'यागो' या एकेरी नावाने ओळखला जातो. संगमरवर हे त्याचे मुख्य माध्यम. गेल्या दशकात या माध्यमात काम करणारा आणि एवढ्या मोठ्या समुदायापर्यंत पोचलेला दुसरा तरुण इटालियन शिल्पकार दाखविणे कठीण आहे. त्याच्या कामाची चलच्चित्रे लक्षावधी लोक पाहतात; त्याच्या नावाने नेपल्समध्ये संग्रहालय उघडले आहे; त्याची एक लहानशी मूर्ती अंतराळस्थानकापर्यंतही जाऊन आली आहे. असे असूनही समकालीन कलेच्या गंभीर चर्चेत त्याचे नाव पुष्कळदा संकोचाने घेतले जाते, आणि 'लोकप्रिय' हे विशेषण त्याला लावताना बोलणाऱ्याच्या स्वरात किंचित तुच्छता उमटते. ही तुच्छता कितपत सार्थ आहे, आणि लोकप्रियतेची अन्य शिल्पकारांशी तुलना करावयाची तर ती कोणत्या मापाने, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

दुसरा प्रश्न आधी घेणे इष्ट होईल, कारण पहिल्याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. आणि प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय भाषाशास्त्राचा असल्यामुळे शब्दांपासून आरंभ केल्यास वाचक क्षमा करतील, अशी आशा आहे. संस्कृतातील 'कीर्ति' हा शब्द ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ उल्लेख करणे, नाव घेणे असा आहे. वैदिक 'श्रवस्' हा शब्द 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूचा. ग्रीक भाषेत वीरांच्या यशाला जो 'क्लेओस' शब्द आहे तो याच मूळ धातूचा. लॅटिन 'फामा' हा शब्द बोलणे या अर्थाच्या क्रियापदापासून निघालेला आहे. म्हणजे भारत-युरोपीय भाषांची जुनी समजूत अशी दिसते की, यश ही बोलण्याऐकण्याची वस्तू आहे. ती एकाच्या मुखातून दुसऱ्याच्या कानी जाते. इटालियन भाषेत नामवंताला जो 'चेलेब्रे' शब्द आहे, त्याची कुळी मात्र वेगळी. त्याच्या लॅटिन पूर्वजाचा मूळ अर्थ 'गजबजलेला', 'वर्दळीचा' असा होता आणि तो बाजाराला, रस्त्याला, उत्सवाला लावीत असत. तेथे बोलणे गौण. माणसे किती जमली हे मुख्य. आणि 'पोपोलारे' हा तिसरा शब्द तर दुहेरी आहे. लोकांना आवडणारा हा त्याचा एक अर्थ, आणि सामान्य जनांचा, साध्या वर्गाचा हा दुसरा. कामगारांसाठी बांधलेल्या स्वस्त घरांनाही इटालियनमध्ये हेच विशेषण लागते. यागोसंबंधीच्या चर्चेत पहिल्या अर्थाने उच्चारलेला शब्द ऐकणाऱ्याकडून दुसऱ्या अर्थाने घेतला जातो, आणि अर्धा वाद तेथेच उत्पन्न होतो.

आपल्या भाषेत या बाबतीत अधिक नेमकेपणा आहे. जुन्या पत्रांच्या मायन्यातले 'राजमान्य राजश्री' आणि टिळकांना मिळालेले 'लोकमान्य' हे पद यांतला फरक कोणत्याही मराठी वाचकास समजावून सांगावा लागत नाही. मान्यता कोणी दिली, हे विशेषणातच सांगितलेले असते. हीच सोय कलेच्या इतिहासात वापरली तर पुष्कळ गोंधळ टळेल. शिल्पकार राजमान्य असू शकतो, पंडितमान्य असू शकतो, लोकमान्य असू शकतो. एकाच वेळी या तिन्ही मान्यता लाभलेला विरळा. असा एक इटालियन शिल्पकार होऊन गेला, आणि यागोची तुलना प्रथम त्याच्याशीच करावयास हवी.

आंतोनिओ कानोव्हा (१७५७–१८२२) हा व्हेनिसच्या राज्यातील पोस्सान्यो या खेड्यात जन्मला. पाथरवटांचे घराणे. तिशीच्या आत त्याने रोममध्ये पोप चौदावा क्लेमेंट याचे थडगे पूर्ण केले (१७८७), आणि तेथून पुढची पस्तीस वर्षे युरोपात त्याच्या तोडीचे नाव नव्हते. फ्रेंचांनी व्हॅटिकनमधून 'अपोलो बेल्व्हेदेरे' ही प्राचीन मूर्ती उचलून नेली, तेव्हा तिच्या रिकाम्या जागेसाठी सातव्या पायसने कानोव्हाचा 'पर्सियस' विकत घेतला. हयात शिल्पकाराची कृती प्राचीनांच्या चौथऱ्यावर चढली, यापेक्षा मोठा मान त्या काळी कल्पिता येत नव्हता. १८०२ मध्ये नेपोलियनने त्याला पॅरिसला बोलाविले. पराभूत झालेला प्रदेश आणि जिंकलेला सम्राट दोघेही एकाच शिल्पकाराचे आश्रयदाते असावेत, हे दृश्य त्या कालखंडास शोभण्यासारखेच आहे. राजमान्यतेचे धोकेही त्याने अनुभवले. नेपोलियनला युद्धदेव मार्सच्या रूपात विवस्त्र दाखविणारा त्याचा प्रचंड पुतळा १८११ मध्ये सम्राटाच्या दृष्टीस पडला आणि त्याला तो रुचला नाही. पुतळा पडद्याआड गेला. १८१६ मध्ये ब्रिटिश सरकारने तो विकत घेऊन वेलिंग्टनला भेट दिला. आज तो लंडनमध्ये वेलिंग्टनच्या घरी जिन्याच्या पायथ्याशी उभा आहे.

परंतु केवळ राजांच्या आश्रयाने कानोव्हाची कीर्ती एवढी पसरली नसती. ती पसरविण्याची त्याची साधने पाहिली की यागोची साधने तितकीशी नवी वाटत नाहीत. रोममधील त्याची कार्यशाळा प्रवाशांना खुली असे. इटलीच्या सहलीवर आलेला इंग्रज सरदार, जर्मन कवी, रशियन राजकन्या जसे प्राचीन अवशेष पाहत तसेच कानोव्हाचे काम चाललेले पाहावयास जात. शेवटचा हात तो मेणबत्तीच्या उजेडात फिरवी, आणि पाओलिना बोर्गेझेची पहुडलेली मूर्ती पाहुण्यांना रात्री दिव्याच्या उजेडात दाखविली जाई. म्हणजे पाहणे हाच एक प्रयोग होता. शिवाय आपल्या मूर्तींची ताम्रपटावरील चित्रे तो उत्तम खोदकारांकडून करवून घेई आणि देशोदेशीच्या मित्रांना व आश्रयदात्यांना पाठवी. ज्याने मूर्ती कधी पाहिली नाही तोही तिच्याविषयी बोलू शके. 'फामा' आणि 'चेलेब्रे' या दोन्ही शब्दांना येथे एकाच माणसाच्या व्यवसायात जागा मिळाली आहे.

पंडितांची मान्यता मात्र तेव्हाही एकमुखी नव्हती. चिकोन्यारा याने आपल्या शिल्पकलेच्या इतिहासात कानोव्हाला त्या कलेच्या शिखरावर बसविले. पण त्याआधीच, १८०६ मध्ये, जर्मन लेखक फेर्नोव्ह याने त्याच्यावर एक पुस्तक लिहून आक्षेप घेतले होते. पृष्ठभागाची मोहक सफाई, इंद्रियांना गोंजारणारी कोवळीक, आणि त्यामानाने आकाराची दुर्बळता, असा त्या आक्षेपांचा रोख होता. यागोवर आज घेतले जाणारे आक्षेप जवळजवळ याच शब्दांत मांडता येतील. फेर्नोव्हच्या मनात तुलनेसाठी दुसरा माणूस तयारच होता : डेन्मार्कहून १७९७ मध्ये रोमला आलेला बेर्टेल थोरवाल्डसेन (१७७०–१८४४). त्याच्या 'जेसन'मध्ये उत्तरेकडील पंडितांना खऱ्या ग्रीकांचा संयम दिसला. कानोव्हा वारल्यावर रोममधील अग्रस्थान या प्रॉटेस्टंट शिल्पकाराकडे गेले आणि सातव्या पायसचे सेंट पीटरमधील थडगेही त्यानेच घडविले.

थोरवाल्डसेनच्या बाबतीत एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. कोपनहेगनच्या मुख्य चर्चसाठी त्याने केलेली बाहू पसरलेल्या ख्रिस्ताची मूर्ती पुढे असंख्य प्रतिकृतींच्या रूपाने जगभर गेली. अमेरिकेतील मॉर्मन पंथाने तर ती जणू आपलीच करून घेतली. आज जे लोक त्या मूर्तीपुढे उभे राहतात त्यांतील बहुतेकांना शिल्पकाराचे नाव सांगता येणार नाही. म्हणजे कृतीची लोकप्रियता आणि कर्त्याची लोकप्रियता या दोन भिन्न गोष्टी होत, आणि शिल्पाच्या प्रांतात त्या नेहमीच विरुद्ध दिशांना ओढत आल्या आहेत. आपल्याकडील उदाहरण द्यावयाचे तर मुंबईतील 'काळा घोडा'. घोड्यावर बसलेला राजपुत्र, पुढे सातवा एडवर्ड झालेला, १९६५ मध्ये घोड्यासकट राणीच्या बागेत गेला. तो पुतळा घडविणारा जोसेफ एडगर बोम मुंबईकरांच्या स्मरणात कधी नव्हताच. पण घोडा नसतानाही अर्धे शतक त्या भागाचे नाव घोड्यावरूनच चालत राहिले. स्वार आणि शिल्पकार दोघांनाही वगळून लोकांनी जनावर तेवढे निवडले.

लोकांनी दिलेली अशी नावे हा माझ्या मते लोकप्रियतेचा सर्वांत विश्वसनीय आणि सर्वांत दुर्लक्षित पुरावा आहे. मुंबईत १९५४ साली जन्मलेल्या अनिश कपूरने शिकागोत उभारलेल्या शिल्पाला 'मेघद्वार' अशा अर्थाचे नाव दिले. शहराने त्याला घेवड्याचे बी ठरविले, आणि शिल्पकाराच्या नापसंतीला न जुमानता तेच नाव रूढ झाले. आर्नाल्दो पोमोदोरो (१९२६–२०२५) याचे चकाकणारे, पोटातून फाटलेले, आतील दातेरी यंत्ररचना उघडी टाकणारे काशाचे गोल व्हॅटिकनच्या अंगणात, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या आवारात, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात उभे आहेत. १९६४ च्या व्हेनिस द्वैवार्षिकात आणि १९९० साली जपानच्या प्रीमियम इंपेरियालेत पारितोषिक मिळविणारा हा शिल्पकार राजमान्य आणि पंडितमान्य दोन्ही होता. पण त्याची लोकमान्यता शोधावयाची ती पेझारो या समुद्रकाठच्या शहरात. तेथील किनाऱ्याजवळच्या त्याच्या महागोलाला गावकरी 'पोमोदोरोचा चेंडू' म्हणतात. आणि पोमोदोरो म्हणजे टोमॅटोही होत असल्यामुळे या नावात जी गंमत आहे ती शहरातील पोरासोरांनाही कळते. शिल्प गावात मुरल्याची ही खूण होय. मिलानच्या शेअरबाजारासमोर माउरित्सिओ कात्तेलानने २०१० मध्ये उभा केलेला, मधले बोट तेवढे शाबूत असलेला संगमरवरी पंजा अधिकृत नावाने फारसा कोणाला ठाऊक नाही. मिलानकर त्याला सरळ 'बोट' म्हणतात.

कात्तेलानचा (जन्म पादुआ, १९६०) उल्लेख आला तेव्हा बाजारातील किमतीचा विषयही थोडक्यात उरकून घेऊ. जिवंत इटालियन कलावंतांत जगाच्या वृत्तपत्रांना सर्वाधिक परिचित नाव बहुधा त्याचेच असावे. गुडघे टेकलेल्या हिटलरची त्याची मूर्ती २०१६ मध्ये लिलावात १ कोटी ७२ लक्ष डॉलर्सना गेली. भिंतीला चिकटपट्टीने लावलेले केळे २०१९ मध्ये मायामी येथे १ लक्ष २० हजार डॉलर्सना विकले गेले, आणि २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याच केळ्याच्या एका आवृत्तीला ६२ लक्ष डॉलर्स मिळाले. हे आकडे मोठे खरे. पण स्विस शिल्पकार जाकोमेत्तीची एक मूर्ती २०१५ मध्ये १४ कोटी १३ लक्षांना गेली होती, आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या जेफ कून्सचा पोलादी ससा ९ कोटी ११ लक्षांना. किमतीवरून लोकप्रियता ठरवावयाची तर ती दोन बोलीदारांची लोकप्रियता ठरेल. केळ्याची बातमी कोट्यवधींनी वाचली. केळे मात्र कोणाला प्रिय झाल्याचे ऐकिवात नाही. त्याला 'वृत्तमान्य' म्हणावे.

याच्या अगदी उलट टोकाला जुझेप्पे पेनोने (जन्म गारेस्सिओ, १९४७). चेलांतने १९६७ मध्ये ज्या चळवळीला 'दरिद्री कला' असे नाव दिले तिच्यातील हा सर्वांत तरुण सभासदांपैकी एक. १९६८ मध्ये त्याने आपल्या गावच्या रानात एका कोवळ्या झाडाच्या बुंध्याला आपल्या मुठीची धातूची प्रतिकृती अडकविली आणि झाड त्या मुठीभोवती वाढू दिले. शिल्पकाराचा हात स्थिर, द्रव्य वाढणारे : शिल्पव्यवहाराची अशी उलटापालट करणारी कल्पना त्या शतकात थोडीच झाली असेल. २०१३ मध्ये व्हर्सायच्या उद्यानात त्याचे प्रदर्शन झाले, पुढच्याच वर्षी प्रीमियम इंपेरियाले मिळाले. व्यक्तिशः प्रस्तुत लेखक पेनोनेला या सर्वांत श्रेष्ठ मानतो. तथापि रोमच्या रस्त्यावर २०१७ पासून उभी असलेली त्याची दगड तोलून धरणारी काशाची झाडे पाहून कर्त्याचे नाव सांगणारा वाटसरू विरळाच. आणि हा काही दोष नव्हे.

आता यागोकडे वळू. फ्रोझिनोनेच्या कला-अकादमीतील शिक्षण त्याने २०१० मध्ये अर्धवट सोडले. तत्पूर्वीच त्याने पोप सोळावा बेनेडिक्ट याचा संगमरवरी अर्धपुतळा केला होता. व्हित्तोरिओ स्गार्बी या समीक्षकाने तो २०११ च्या व्हेनिस द्वैवार्षिकातील इटालियन विभागासाठी निवडला. (त्या वर्षी त्या विभागात कलावंतांची एवढी गर्दी झाली होती की निवड हा शब्दच सैल वाटावा.) पुढे मात्र यागोने कलादालनांचा, विक्रेत्यांचा नेहमीचा मार्ग सोडला. छिन्नी चालताना, यंत्राने धूळ उडताना, दगडातून गाल किंवा बोट बाहेर येताना, तो स्वतःचे चित्रण करू लागला आणि ते समाजमाध्यमांवरून थेट लोकांपुढे ठेवू लागला. कानोव्हाच्या कार्यशाळेचे दार ज्या कारणासाठी उघडे असे त्याच कारणासाठी हे दार उघडले गेले. फरक इतकाच की, कानोव्हाकडे येणाऱ्याला आल्प्स ओलांडावा लागे.

या चित्रणात लोक नेमके काय पाहतात? माझ्या समजुतीप्रमाणे ते 'हात' पाहतात. यासंबंधी एक खटला उद्बोधक आहे. कात्तेलानच्या गाजलेल्या मेणाच्या आकृती प्रत्यक्षात घडविणारा फ्रेंच शिल्पकार दानिएल द्रुए याने आपणच त्यांचा कर्ता असल्याचा दावा पॅरिसच्या न्यायालयात लावला. जुलै २०२२ मध्ये तो फेटाळण्यात आला. कल्पना ज्याची त्याची कृती, या समजुतीला अशा रीतीने न्यायासनाचा टेकू मिळाला. पण सामान्य माणसाचा 'शिल्प' या शब्दाशी असलेला करार असा नाही. संस्कृतात शिल्प म्हणजे मुळात हातचे कौशल्य; ते सुताराचेही असे, विणकराचेही असे. युरोपातील सामान्य प्रेक्षक संस्कृत जाणत नसला तरी शब्दाचा हा अर्थ त्याने सोडलेला नाही, आणि पंडितांनी तो सोडला तेव्हा तो त्यांच्यामागे गेला नाही. यागोच्या लोकप्रियतेचा पाया या ठिकाणी आहे. येथे कानोव्हाची आठवण पुन्हा उपयोगी पडते. त्याच्याकडे मातीच्या नमुन्यावरून प्लास्टर, प्लास्टरवरील खुणांच्या बिंदूंवरून दगडातील ओबडधोबड आकार, ही सर्व कामे साहाय्यक करीत. त्याचा स्वतःचा तो अखेरचा हात. प्रेक्षकांना हे ठाऊक होते आणि त्यांची तक्रार नव्हती. म्हणजे सर्व काम आपल्याच हाताने झाल्याचे दाखवून देणे ही आजची गरज होय, आणि ती केळ्याच्या युगाने निर्माण केली आहे. कात्तेलान नसता तर यागोला एवढे प्रेक्षक मिळाले असते की नाही याची मला शंका वाटते.

त्याच्या कृतींत मोल सारखे नाही. २०२० च्या नोव्हेंबरात, महामारीच्या दिवसांत, नेपल्सच्या पियाझ्झा देल प्लेबिशितोमध्ये जमिनीवर कुशीत मुटकुळी करून पडलेले, साखळीने बांधलेले संगमरवरी अर्भक त्याने ठेवले. 'खाली पाहा' अशा अर्थाचे त्याचे नाव. त्या ओस पडलेल्या विशाल चौकात ते परिणामकारक होते, हे नाकारता येणार नाही. पण त्यातला परिणाम प्रसंगाचा अधिक आणि आकाराचा कमी. अंतराळवीर लुका पार्मितानोबरोबर २०१९ मध्ये अंतराळस्थानकात गेलेली गर्भाची छोटी मूर्ती ही तर शिल्पापेक्षा वार्तेत अधिक शोभणारी गोष्ट. रोमच्या सांता मारिया इन मोन्तेसांतो या चर्चमध्ये २०२१ मध्ये ठेवलेल्या त्याच्या 'पिएता'त मातेऐवजी पिता मृत पुत्राला धरून आहे. मिकेलांजेलोशी तुलना तो स्वतःच ओढवून घेतो आणि अर्थातच तीत टिकत नाही.

नेपल्समधील 'अवगुंठित पुत्र' (२०१९) याची गोष्ट निराळी. नेपल्सला १७५३ पासून जुझेप्पे सान्मार्तिनोचा 'अवगुंठित ख्रिस्त' आहे. मृत देहावर टाकलेले संगमरवरी वस्त्र इतके तलम की, ते किमयेने दगड झालेले खरेच कापड असावे अशी दंतकथा शहरात रूढ झाली. यागोने अमेरिकेतील व्हर्मांटच्या संगमरवरात, न्यूयॉर्कमध्ये राहून, तशाच वस्त्राखाली निजलेले मृत मूल घडविले आणि ते आणून ठेवले रिओने सानिता या वस्तीतील सान सेव्हेरो फुओरी ले मुरा या चर्चमध्ये. जुन्या ख्रिस्ताचे देऊळ शहराच्या मध्यभागी, सरदार घराण्याचे. सानिता ही टेकडीच्या पायथ्याची, शहरापासून तुटलेली, दारिद्र्य आणि गुन्हेगारी यांच्यासाठी कुप्रसिद्ध झालेली वस्ती. नेपल्सचा विनोदी नट तोतो हा तिथलाच. २००६ पासून या वस्तीतील तरुणांनी सहकारी संस्था काढून तेथील भूमिगत प्राचीन दफनगृहे पाहण्याजोगी केली आणि प्रवासी त्या गल्ल्यांत येऊ लागले. या उद्योगात यागोची मूर्ती येऊन मिळाली. २०२३ मध्ये त्याच वस्तीतील सांत'आस्प्रेनो आय क्रोचिफेरी या जुन्या चर्चमध्ये त्याचे संग्रहालय उघडले. गजबजणे हा 'चेलेब्रे'चा मूळ अर्थ येथे अक्षरशः खरा ठरला आहे. ज्या रस्त्याने नेपल्सचा सुखवस्तू माणूस जात नसे तेथे आता परदेशी पाहुणे चर्चचा पत्ता विचारीत हिंडतात.

या ठिकाणी 'पोपोलारे' या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र येतात, आणि तुच्छतेने तो उच्चारणाऱ्याची अडचण होते. वस्त्राची कारागिरी सान्मार्तिनोकडून उसनी आहे, हे खरे. सान्मार्तिनोचे वस्त्र देह प्रकट करते, यागोचे केवळ देहावर पडलेले आहे, असाही फरक जाणत्यास दिसेल. तथापि कलाकृती कोठे ठेवली हा तिच्या अर्थाचा भाग आहे, असे गेली साठ वर्षे समकालीन कलेचे पंडितच आपल्याला शिकवीत आले आहेत. तो न्याय पेनोनेच्या रानाला लागू आणि यागोच्या गल्लीला नाही, असे म्हणण्यास आधार कोणता? पंडितमान्यतेपासून यागो दूर राहिला याचे एक कारण मला साधे वाटते : त्याने पंडितांना विचारलेच नाही. कलादालन, संग्रहालय, समीक्षक, संग्राहक या क्रमाने जी मान्यता वर चढते तिच्या पायऱ्या त्याने वापरल्या नाहीत. २०२२ मध्ये रोमच्या पालात्सो बोनापार्तेमध्ये त्याचे मोठे प्रदर्शन झाले ते लोकांची गर्दी आधी जमली म्हणून.

तथापि लोकप्रियतेचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला एक अडचण आहे आणि ती गंभीर आहे. कानोव्हाची कीर्ती उतरली तेव्हाही तिचे पुरावे जागेवर राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो नीरस मानला जाऊ लागला. १९४६ मध्ये रोबेर्तो लोंगीसारख्या इतिहासकाराने त्याच्यावर अत्यंत कठोर शब्दांत आघात केला. पुढे मारिओ प्राझ, ह्यू ऑनर इत्यादींच्या अभ्यासाने त्याचे पुनर्वसन झाले आणि १९९२ मध्ये व्हेनिस व पोस्सान्यो येथे भरलेल्या मोठ्या प्रदर्शनाने त्यावर शिक्का बसला. हे पुनर्वसन शक्य झाले ते पत्रे, हिशेब, ताम्रपटचित्रे आणि मुख्यतः पोस्सान्योचे प्लास्टरचे नमुने टिकल्यामुळे. डिसेंबर १९१७ मध्ये तोफगोळ्यांनी तेथील संग्रहाची नासाडी केली; नमुने दुरुस्त केले गेले; १९५७ साली कार्लो स्कार्पाने त्यांच्यासाठी प्रकाशाने भरलेली नवी दालने जोडली. जुलै २०२० च्या अखेरीस एक प्रवासी छायाचित्रासाठी पाओलिनाच्या प्लास्टरच्या मूर्तीवर टेकला आणि तिच्या पायाची बोटे मोडली. लोकप्रियतेचा हा प्रकार लोंगीच्या टीकेहून अधिक हानिकारक म्हणावा लागेल. पण बोटेही पुन्हा जोडता येतात.

यागोच्या लोकप्रियतेचे दफ्तर मात्र त्याच्याजवळ नाही, इटलीजवळही नाही. किती जणांनी पाहिले, कोणी काय लिहिले, कोणत्या क्षणी थांबून पुन्हा पाहिले, ही सर्व माहिती काही अमेरिकन कंपन्यांच्या मालकीची आहे. ती दाखविण्याचे, बदलण्याचे, पुसून टाकण्याचे नियम त्यांचे. आज दिसणारी संख्या उद्याच्या अभ्यासकाला पडताळून पाहता येईल, अशी कोणतीही हमी नाही. फेर्नोव्हचे पुस्तक दोनशे वर्षांनी वाचता येते. यागोच्या एखाद्या चित्रणाखाली एखाद्या नेपल्सकर बाईने लिहिलेला अभिप्राय वीस वर्षांनी सापडेल काय?

याचे उत्तर देण्यापूर्वी दोन मूर्तींची हकिकत ध्यानात घ्यावी. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्याने कानोव्हाकडून जॉर्ज वॉशिंग्टनचा संगमरवरी पुतळा करवून घेतला. तो १८२१ मध्ये रॅलेला पोचला, आणि १८३१ मध्ये राजभवनाला लागलेल्या आगीत नष्ट झाला. पोस्सान्योत त्याचा प्लास्टरचा नमुना होता. त्यावरून केलेली संगमरवरी प्रतिकृती १९७० मध्ये रॅलेच्या राजभवनात बसविण्यात आली. दुसरी मूर्ती यागोने केलेला बेनेडिक्टचा अर्धपुतळा. २०१३ मध्ये पोपने पदत्याग केला. २०१६ मध्ये यागोने तो पुतळा पुन्हा हाती घेतला आणि अंगावरची सर्व धर्मवस्त्रे छिन्नीने काढून टाकली. आत राहिला तो उघड्या अंगाचा एक वृद्ध. नाव 'आम्हांस पोप लाभला' याऐवजी 'आम्हांस माणूस लाभला' असे झाले. माझ्या मते ही त्याची सर्वोत्तम कृती होय, कारण काढून टाकणे ही दगडाच्या कलेची स्वतःची भाषा आहे आणि येथे ती भाषाच आशय झाली आहे. मात्र २००९ चा तो वस्त्रांकित पोप, ज्याला स्गार्बीने निवडले होते, आता दगडात कोठेच नाही. तो आणि त्याचे सोलले जाणे, दोन्ही केवळ छायाचित्रांत आणि चलच्चित्रांत उरली आहेत.